रुजू होणे आणि रुजणे

मराठीत एकमेकांशेजारी बसणारे, परंतु एकमेकांचे कोणीही नसलेले असे दोन शब्द आहेत. एक 'रुजू होणे' आणि दुसरा 'रुजणे'. पहिला शब्द कचेरीतला. अरबी-फारसीच्या वाटेने तो आपल्या दप्तरी भाषेत आला आणि आजही नेमणुकीच्या प्रत्येक आदेशात तो ठाण मांडून बसलेला असतो : अमुक तारखेपर्यंत रुजू व्हावे, अन्यथा नेमणूक रद्द समजण्यात येईल. दुसरा शब्द शेतातला. बी रुजते, रोप रुजते. त्याला कोणी तारीख देऊ शकत नाही आणि त्याची नोंद कोणत्याही हजेरीपटावर होत नाही. रुजू होण्याचे काम एका सकाळी उरकते. रुजायला वर्षे लागतात, आणि कित्येकदा तीस वर्षांची नोकरी संपून निरोपसमारंभ झाला तरी माणूस त्या गावात रुजलेला नसतो.

या दोन शब्दांमधील अंतर हा आज आपल्या अनेक कुटुंबांचा प्रश्न झाला आहे. आपली मुले-मुली उच्च शिक्षण घेऊन, 'नेट'-'सेट'च्या परीक्षा देऊन, पीएच.डी. मिळवून महाविद्यालयांत शिकवू लागली आहेत. नेमणूक घराजवळच मिळेल असे नसते. वसईचा मुलगा गोंदियाला जातो, नागपूरची मुलगी गडचिरोलीला जाते. आदेश हाती आला की घरात आनंद होतो, कृतज्ञतेची मिस्सा अर्पण केली जाते, आई लोणच्याची बरणी बांधून देते. त्यानंतर काय, याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही. त्या परक्या गावाशी या तरुण शिक्षकाचे नाते कोणते? तो तेथे केवळ पगारापुरता असतो काय? तो त्या गावाचे काही देणे लागतो काय, आणि लागत असेल तर किती?

हा प्रश्न मी स्पष्ट शब्दांत ऐकला तो बोदलकसा येथे. गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील हे लहानसे गाव. ब्रिटिश अमदानीत बांध घालून अडवलेले मोठे तळे तेथे आहे. भोवती टेकड्या आणि रान. तेच रान पुढे नागझिऱ्याच्या अभयारण्याकडे पसरत जाते. नाताळानंतरच्या आठवड्यात गोंदिया, तिरोडा आणि भंडारा येथील महाविद्यालयांत शिकविणारे आमच्या परिचयाचे सात तरुण प्राध्यापक-प्राध्यापिका तेथे एकत्र आले होते. जेवणानंतर तलावाच्या पाळीवर बसून बोलणे सुरू झाले, आणि ते लवकरच 'अप-डाऊन'वर आले.

विदर्भात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. नागपुरात राहायचे, सकाळच्या गाडीने नोकरीच्या गावी जायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचे. शेकडो शिक्षक, प्राध्यापक आणि सरकारी नोकर हे वर्षानुवर्षे करतात. आमच्यातला एक तरुण त्यांपैकीच होता. तो शांतपणे म्हणाला, "फादर, मी आठवड्याचे सोळा तास चोख घेतो. अभ्यासक्रम वेळेत संपवतो. त्यापलीकडे मी कोठे झोपतो आणि कोणत्या गावचा बाजार करतो, हा माझा खाजगी प्रश्न आहे. मी माझे श्रम विकले आहेत, आयुष्य विकलेले नाही."

प्राणिशास्त्र शिकविणारी एक तरुणी पाण्याकडे पाहत होती. दूरदेशीची बदके हिवाळ्यापुरती या तळ्यावर उतरतात आणि ऊन चढू लागले की निघून जातात. ती म्हणाली, "आपण सगळे या पाहुण्या पाखरांसारखे आहोत. सारस मात्र कोठेही जात नाही. तो इथल्या धानाच्या बांध्यांत घरटे करतो. म्हणून शेतकरी त्याला आपला म्हणतात, त्याची अंडी राखतात." महाराष्ट्रात सारस आता मोजकेच उरले आहेत आणि त्यांतील बहुतेक गोंदिया-भंडाऱ्याच्या परिसरातच आहेत, हे वाचकांना ठाऊक असेल.

तिसरा तरुण तासिका तत्त्वावर शिकवणारा. त्याच्या स्वरात कडवटपणा होता. "मला रुजायला सांगू नका, फादर. मला दरवर्षी नव्याने मुलाखतीला बसावे लागते. उन्हाळ्यात मानधन नसते. पुढच्या वर्षी या गावात असेन की नाही हे मला ठाऊक नाही. घरमालकाला काय सांगू?"

या तिन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, म्हणूनच हा प्रश्न उपदेशाने सुटणारा नाही. अप-डाऊन करणाऱ्या शिक्षकाला आळशी किंवा पैशाचा लोभी ठरवणे फार सोपे आहे. परंतु त्याच्या पत्नीची नोकरी नागपुरात असते. घरी म्हातारे वडील असतात, त्यांचे डॉक्टर तेथेच असतात. मुलांची शाळा मध्येच तोडता येत नाही. ज्याला पुढच्या वर्षाची शाश्वती नाही, त्याला तर गावाची बांधिलकी शिकविण्याचा अधिकार आपल्याला पोचतो की नाही याचीच शंका वाटते. जी व्यवस्था माणसाला तासावर मोजते, तिने त्याच्याकडून आयुष्यभराच्या निष्ठेची अपेक्षा करावी, हे न्यायाला धरून नाही. तेव्हा प्रथम हे मान्य केले पाहिजे की मुळे धरण्यासाठी पायाखाली थोडी माती असावी लागते, आणि ती माती पुरविण्याची जबाबदारी एकट्या शिक्षकाची नाही.

तरीही पहिल्या तरुणाचे वाक्य मनात राहते. श्रम विकले, आयुष्य विकले नाही. कारखान्यातील कामगाराने ते म्हटले तर आपण त्याच्या बाजूने उभे राहू. शिक्षकाने म्हटले की काहीतरी खटकते. काय खटकते?

सेमिनरीत आम्हाला संत थॉमस अक्वायनस यांचे नीतिशास्त्र शिकवीत. न्यायाचा विचार करताना ते देण्याचे दोन प्रकार मानतात. एक कायद्याने बांधलेले देणे : ज्याचे जितके घेतले तितके त्याला परत करणे. दुसरे नैतिक देणे : ज्यासाठी कोणी कोर्टात जाऊ शकत नाही, परंतु जे दिल्यावाचून माणसांचे एकत्र राहणे शक्य होत नाही. सत्य बोलणे, उपकार स्मरणे आणि रोजच्या वागण्यातील आपुलकी यांची गणना ते या दुसऱ्या प्रकारात करतात. आपुलकी ही त्यांच्या मते नुसती स्वभावाची गोडी नाही. ती न्यायाशी जोडलेली आहे, कारण माणूस हा समाजात राहणारा प्राणी आहे आणि तो भोवतालच्या माणसांचे तेवढे देणे लागतो.

या दृष्टीने पाहिले तर आमचा तरुण मित्र पहिल्या प्रकारचे देणे पूर्णपणे फेडतो. त्याच्या सोळा तासांत खोट नाही. दुसऱ्या देण्याचा हिशेब मात्र त्याने अद्याप मांडलेलाच नाही. आणि शिक्षकाच्या बाबतीत हे दुसरे देणे अधिक जड असते. याचे कारण असे की शिक्षक आपले विद्यार्थी निवडत नाही. ते गावच त्याच्या हाती सोपविते. त्या मुलांची घरे, भाषा, उपासमार, सणवार, सगळे त्यांच्याबरोबर वर्गात येऊन बसते. ज्याला गाव ठाऊक नाही त्याला वर्गातील निम्मी गोष्ट दिसतच नाही.

त्याच दुपारी मूळ वसईच्या एका प्राध्यापकाने सांगितलेला अनुभव येथे देतो. हा तरुण एका तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोलीत राहतो. पहिल्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये त्याच्या वर्गातील निम्मी बाके रिकामी राहू लागली. मुले उडाणटप्पू आहेत, असे शिक्षकांच्या खोलीत सर्वांचेच मत होते. गैरहजेरीची यादी काढून परीक्षेला बसू न देण्याची ताकीद देण्याचे ठरले. एका रविवारी तो सहज गावाबाहेर फिरायला गेला, तेव्हा धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बायकांच्या ओळीत त्याला आपलीच एक विद्यार्थिनी दिसली. तिने लाजून पदराने तोंड झाकले. रोवणीच्या त्या तीन-चार आठवड्यांत मिळणाऱ्या मजुरीवर तिची वर्षाची फी, पुस्तके आणि एसटीचा पास भागत होता. दुसऱ्या वर्षापासून त्या काळात बुडालेले पाठ तो सकाळी लवकर, महाविद्यालय भरण्यापूर्वी, पुन्हा घेऊ लागला. कोणत्याही नियमाने हे त्याच्यावर बंधनकारक नव्हते. तो गावात राहत होता म्हणून त्याला दिसले, आणि दिसले म्हणून त्याला स्वस्थ बसवेना.

रोवणी हा या भागाचा मोठा धडा आहे. आधी एका लहान तुकड्यात बी टाकून पऱ्हे तयार करतात. ते उपटून, जुड्या बांधून, दुसऱ्या बांधीत एकेक करून लावतात. लावल्यानंतर काही दिवस ते रोप पिवळे पडते, मान टाकते. नव्या शेतकऱ्याला वाटते, गेले पीक. जाणता शेतकरी घाबरत नाही. तो पाणी राखतो आणि वाट पाहतो. मग नवी मुळे फुटतात. नव्या गावी गेलेल्या आपल्या मुलांचे पहिले वर्ष असेच पिवळे असते. डबा गळ्याखाली उतरत नाही, संध्याकाळ खायला उठते, वर्गातील बोली अर्धी कळत नाही, सहकारी अंतर राखून असतात. त्या काळात घरून रोज फोन करून 'नको वाटत असेल तर परत ये' असे सांगणारे आईवडील प्रेमापोटीच तसे बोलतात. परंतु रोप धरले की नाही हे पाहण्यासाठी ते रोज उपटून बघण्यासारखेच ते आहे.

बोदलकशाहून तिरोड्याला यावे आणि पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीत बसावे. गोंदिया, आमगाव, सालेकसा, दरेकसा ही स्थानके मागे पडली की महाराष्ट्र संपतो. पुढे डोंगरगडची टेकडी दिसते आणि त्यानंतर राजनांदगाव येते. आमच्या प्रश्नाचे एक मोठे उदाहरण याच गावात घडलेले आहे.

मराठी ख्रिस्ती वाचकाला राजनांदगाव हे नाव नवीन नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये ते येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात नारायण वामन टिळक नोकरीच्या शोधात या संस्थानाकडे निघाले असता आगगाडीत त्यांची एका परदेशी प्रवाशाशी गाठ पडली. त्याने त्यांच्या हाती बायबल दिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. राजनांदगावात मात्र ते रुजले नाहीत. अनेक गावे आणि अनेक नोकऱ्या मागे टाकीत आलेला हा अस्वस्थ माणूस पुढे अहमदनगरात, आजच्या अहिल्यानगरात, शिकवू लागला, लिहू लागला आणि तेथला झाला. या साऱ्या स्थलांतरांचा भार लक्ष्मीबाईंनी किती सोसला, हे त्यांनीच हसत-रडत लिहून ठेवले आहे. घर हलते तेव्हा पुरुष कामावर रुजू होतो; चूल, पाणी, शेजार आणि मुले नव्या मातीत लावण्याचे काम बाईच्या वाट्याला येते. प्राध्यापकाच्या बांधिलकीविषयी बोलताना हे विसरू नये.

त्याच राजनांदगावात सहा दशकांनंतर दुसरा एक मराठी माणूस आला. गजानन माधव मुक्तिबोध यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे झाला. घरची भाषा मराठी. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध हे मराठीतील नामवंत कवी, कादंबरीकार व समीक्षक. गजाननरावांनी मात्र हिंदीत लिहिले आणि आधुनिक हिंदी कवितेत त्यांचे स्थान फार मोठे आहे. त्यांचे तारुण्य एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्यात गेले. शुजालपूर, उज्जैन, बनारस, जबलपूर, नागपूर. शाळामास्तरकी, वृत्तपत्रे, आकाशवाणी. कोठेही पाय टिकला नाही, आणि पैशाची चणचण कधी संपली नाही.

१९५७ साली राजनांदगावला दिग्विजय महाविद्यालय सुरू झाले. तेथील राजघराण्याने आपला जुना राजवाडा त्यासाठी दिला होता. तो काळच लहान गावांत महाविद्यालये निघण्याचा होता. अलीकडे गोंदियात मनोहरभाई पटेल यांनी गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली ती १९५८ साली. अशा गावांना शिकविणारी माणसे बाहेरूनच आणावी लागत. त्याच १९५८ साली, वयाच्या चाळिशीत, मुक्तिबोध पत्नी शांताबाई आणि मुलांसह राजनांदगावला हिंदीचे प्राध्यापक म्हणून आले. राजवाड्याच्याच एका भागात, राणीसागर आणि बुढासागर या दोन तळ्यांच्या शेजारी, त्यांना राहायला जागा मिळाली. वरच्या खोलीकडे जाणारा एक चक्राकार जिना तेथे आहे. त्या जिन्याच्या आणि तळ्यांच्या सावल्या त्यांच्या कवितेत उतरल्या आहेत, असे अभ्यासक सांगतात. 'अंधेरे में' ही त्यांची सुप्रसिद्ध दीर्घ कविता त्यांनी येथेच पूर्ण केली.

हे सुखाचे चित्र नव्हे. १९६२ साली त्यांच्या 'भारत : इतिहास और संस्कृति' या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. त्या आघाताने ते फार व्यथित झाले. १९६४ च्या आरंभी त्यांना पक्षाघात झाला. भोपाळ आणि तेथून दिल्ली येथे उपचार झाले, परंतु ११ सप्टेंबर १९६४ रोजी, सत्तेचाळीस वर्षे पुरी होण्याआधीच, त्यांचे निधन झाले. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा पहिला कवितासंग्रह त्यानंतर प्रसिद्ध झाला. तो छापलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

राजनांदगावात ते अवघी सहा वर्षे होते. स्वतःचे घर त्यांनी तेथे बांधले नाही, जमीन घेतली नाही. ते मार्क्सवादी विचारांचे होते. देवाधर्माविषयीची त्यांची भूमिका आपली नव्हे. तरीही आज त्या राजवाड्याच्या आवारात, पदुमलाल पुन्नालाल बख्शी आणि बलदेवप्रसाद मिश्र या त्या भागातील दोन साहित्यिकांच्या जोडीने, मुक्तिबोधांचे स्मारक त्या गावाने उभारले आहे. या तिघांना गावाने एका ओळीत बसविले. त्यांत बाहेरून आलेला कोण, हे पाहिले नाही. एखाद्या गावात माणूस किती वर्षे राहिला यावर त्याचे रुजणे ठरत नाही, हे यावरून दिसते.

मग ते कशावर ठरते? मुक्तिबोधांचीच 'ब्रह्मराक्षस का शिष्य' ही कथा येथे उपयोगी पडते. एक खेडवळ मुलगा ज्ञानाच्या शोधात एका वाड्यात येऊन एका गुरूजवळ बारा वर्षे शिकतो. शेवटी त्याला कळते की आपला गुरू जिवंत माणूस नव्हे, ब्रह्मराक्षस आहे. आयुष्यात मिळविलेले ज्ञान योग्य शिष्याला न देताच तो मेला, म्हणून त्या वाड्यात अडकून पडला. शिष्याला सर्व काही दिल्यानंतरच त्याची सुटका होते, आणि तीच जबाबदारी मग शिष्यावर येते. ही कथा प्रत्येक शिक्षकाने एकदा वाचावी. न दिलेले ज्ञान हे शिक्षकाची संपत्ती होत नाही, त्याची कैद होते. देण्यासाठी समोर कोणीतरी हवे, आणि ते कोणीतरी कोणत्या ना कोणत्या गावचेच असते. विद्यापीठ पदवी देते, सरकार पगार देते. शिष्य फक्त गाव देते. गावाचे शिक्षकावरील ऋण मला येथे दिसते.

आता अप-डाऊनचा प्रश्न पुन्हा घेऊ. रोज ये-जा करणे हाच दोष मानला तर एका थोर शिक्षकाला आपल्याला दोषी ठरवावे लागेल. १८९१ साली गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निमंत्रणावरून धोंडो केशव कर्वे मुंबईहून पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक म्हणून आले. दोनच वर्षांनी, १८९३ मध्ये, त्यांनी एका विधवेशी विवाह केला आणि त्यापायी स्वतःच्या मुरूड गावाचा बहिष्कार सोसला. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी संस्था काढली आणि १९०० साली ती शहराबाहेर हिंगण्याच्या माळावरील झोपडीत नेली. त्यानंतर ते हिंगण्याहून पायी पुण्याला येत, महाविद्यालयात गणित शिकवीत आणि पायी परतून आश्रमातील स्त्रियांना शिकवीत. हेही ये-जा करणेच होते. परंतु त्यांची पावले ओझे टाळण्यासाठी पडत नव्हती. ती एका कर्तव्याकडून दुसऱ्या कर्तव्याकडे जात होती. म्हणून, माणूस रात्री कोठे झोपतो हा खरा प्रश्न नाही. त्याच्यावर हक्क सांगण्याची मुभा त्याने कोणाला दिली आहे, हा प्रश्न आहे. जो नागपूरला राहूनही आठवड्यातून एक संध्याकाळ विद्यार्थ्यांसाठी राखतो, शेवटची गाडी चुकली तरी चालेल म्हणून एखाद्या मुलाच्या घरी जाऊन येतो, तो रुजू लागला आहे. आणि जो महाविद्यालयाच्या शेजारी बंगला बांधून दार लावून बसतो, तो अजून केवळ रुजूच आहे.

माझ्या अल्प अनुभवावरून मी या तरुणांना तीन साध्या गोष्टी सांगतो. पहिली, गावची बोली कानावर येऊ द्या. झाडीपट्टीत मराठीचे रूप वेगळे आहे, जोडीला पोवारी, गोंडी, हिंदी आहेत. ती बोलता येण्याची घाई नको. पण तिला हसू नका. ज्या शिक्षकाने आपल्या बोलीला अशुद्ध म्हटले त्याच्यासमोर मूल पुन्हा तोंड उघडत नाही. दुसरी, गावाकडून काहीतरी घ्या. आपण शिकवायला आलो, द्यायला आलो, असे मानणारा माणूस कायम उंचावर उभा राहतो. झाडीपट्टीच्या रंगभूमीचे नाटक रात्रभर बसून पाहा, मंडईला जा, शेजारच्या आजीने दिलेली भाजी घ्या आणि रिकामे भांडे परत करताना संकोच वाटू द्या. तेवढ्या संकोचातून शेजार सुरू होतो. तिसरी, मागे राहील असे एखादे छोटे काम हाती घ्या. गोंदिया आणि भंडारा हे तलावांचे जिल्हे आहेत. येथील शेकडो जुने तलाव ज्या कोहळी समाजाने बांधले, त्या समाजात आपले पूर्वज गोंड राजांच्या काळी काशीकडून आले अशी परंपरागत समजूत आहे. तळे खणले, धान पिकवला, आणि आज त्यांना परके म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. तरुण प्राध्यापकाला तळे खणणे शक्य नाही. परंतु ग्रंथालयातील एक कपाट नीट लावणे, गावच्या झाडांची किंवा शब्दांची यादी करणे, स्पर्धा-परीक्षेला बसणाऱ्या चार मुलांना वाट दाखविणे हे त्याच्या हातचे आहे. तासिका तत्त्वावरील शिक्षकालाही हे करता येते, आणि पुढच्या वर्षी तो तेथे नसला तरी ते वाया जात नाही.

एवढे सांगून थांबलो तर मात्र अर्धेच बोलल्यासारखे होईल, कारण देणे एकाच बाजूचे नसते. बोदलकशाच्या त्या बैठकीत एका तरुणाने सांगितले की खोली शोधताना त्याला सात घरांतून परत पाठविण्यात आले. भाडे द्यायला तो तयार होता. आडनाव आणि धर्म विचारल्यानंतर प्रत्येक ठिकाणी खोली 'कालच गेलेली' असे. एकट्या राहणाऱ्या तरुणीला तर याहून वाईट अनुभव येतात. तिच्या येण्याजाण्याच्या वेळांची नोंद सगळी आळी ठेवते. ज्या गावाने दार उघडले नाही त्या गावात माणूस रुजला नाही, तर दोष कोणाचा? मुलांना चांगले शिक्षक हवेत असे म्हणणाऱ्या गावाने शिक्षकाला प्रथम राहण्याजोगी जागा आणि माणुसकीची वागणूक दिली पाहिजे. शासनाने रिकाम्या जागा नियमितपणे भरल्या पाहिजेत. दरवर्षी उपटून दरवर्षी लावलेल्या रोपाला कणीस धरत नाही, हे ज्या भागात लहान मूलही जाणते, तेथे हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

जुन्या करारातील यिर्मया संदेष्ट्याचे एक पत्र या संदर्भात मला नेहमी आठवते. यरुशलेमहून बाबेलला बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना ते लिहिलेले आहे. त्या लोकांना वाटत होते, हे शत्रूचे गाव. आज ना उद्या परत जायचे. येथे मन कशाला गुंतवा? काही खोटे संदेष्टे त्यांना तेच सांगत होते. यिर्मयाने उलट लिहिले : घरे बांधा आणि त्यांत राहा, बागा लावा आणि त्यांची फळे खा, ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी झटा आणि प्रार्थना करा, कारण त्याचे कल्याण झाले तर तुमचेही होईल. परत जाण्याची आशा त्याने काढून घेतली नाही. सत्तर वर्षांनी देव तुम्हाला परत नेईल, असेही तो सांगतो. परंतु परत जायचे आहे म्हणून मधली सत्तर वर्षे बिऱ्हाड बांधूनच काढावीत, हे त्याला मान्य नाही. सक्तीने नेलेल्या लोकांना देवाने हे सांगितले असेल, तर स्वतः अर्ज करून आणि मुलाखत देऊन आलेल्या माणसाला ते अधिकच लागू पडते. आम्हा धर्मगुरूंनाही दर काही वर्षांनी बदलीचे पत्र येते, आणि प्रत्येक नव्या धर्मग्रामात हे पत्र आम्हाला नव्याने वाचावे लागते.

शेवटी आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना एक विनंती. जून-जुलै महिन्यांत रविवारच्या मिस्सेला शेवटच्या बाकावर एखादा अनोळखी तरुण किंवा तरुणी दिसते. मिस्सा संपताच ती व्यक्ती मान खाली घालून निघून जाते. तिला थांबवा. नाव विचारा, गाव विचारा, पण आडनावाची चौकशी करू नका. एका रविवारी जेवायला बोलवा. खोली मिळाली नसेल तर चार ठिकाणी शब्द टाका. आपल्याच घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी त्याच वेळी दुसऱ्या गावच्या मंदिरात अशीच शेवटच्या बाकावर बसलेली असेल. आणि ज्यांची मुले यंदा बाहेरगावी रुजू होणार आहेत, त्या आईवडिलांनी लोणच्याच्या बरणीबरोबर एवढेही सांगून पाठवावे : पहिल्या वर्षी निकाल लावू नकोस, आणि तिथल्या माणसांना आपली माणसे म्हणायला शिक.